क्लब व्हॉलीबॉलसाठी ५२९ थांबवायचा का?

तुमचा मेल नीट वाचला. मुलगी न्यू जर्सीत नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये व्हॉलीबॉल खेळते, आता शाळेबाहेरच्या खासगी क्लबच्या नॅशनल ट्रॅव्हल टीममध्ये निवड झालीये, फी, विमान, हॉटेल सगळं धरून वर्षाला ८,००० डॉलर होतायत, आणि तुम्ही दोघं म्हणताय की चार वर्षं तिच्या ५२९ मध्ये (शिक्षणासाठीच्या टॅक्स-सवलतीच्या बचत खात्यात) पैसे भरणं बंद करू, पुढे स्कॉलरशिप मिळाली की वसूल होईलच.

क्लबला पाठवा. पण ५२९ थांबवून नको, आणि वसुलीच्या आशेवर तर अजिबात नको.

क्लबचा फायदा खोटा नाहीये. मुलींचा शाळेचा सीझन तुमच्याकडे फॉलमध्ये असतो आणि नेमका तेव्हाच कॉलेजचाही, त्यामुळे कॉलेजचे कोच स्वतःच्या मॅचेसमध्ये अडकलेले असतात, तुमच्या शाळेच्या जिममध्ये येऊन बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार, ते मुली बघतात हिवाळ्यापासून पुढे क्लबच्या मोठ्या टुर्नामेंट्सना, जिथे एकाच हॉलमध्ये शेकडो जणी खेळत असतात. म्हणून कॉलेजात खेळायचं असेल तर या खेळात क्लब जवळपास लागतोच. अमेरिकन फुटबॉलमध्ये अजूनही शाळेचीच टीम बघतात, ट्रॅकमध्ये तर टायमिंगच सगळं सांगतं, त्यामुळे ओळखीतला कोणी क्लबशिवाय कॉलेजपर्यंत पोचला असेल तर आधी त्याचा खेळ कुठला ते विचारा.

पण कोचच्या नजरेत येणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्याच आकड्यांनुसार हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण ७ टक्के मुलं पुढे त्यांच्या कॉलेजांत खेळतात, डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, पोचणारे २ टक्क्यांच्या आसपास. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, हार्वर्ड, येल वगैरेंच्या आयव्ही लीगमध्येही नाही. त्यात खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात २०२५ मध्ये सेटलमेंट झाली, त्यानंतर नियम बदललेत. डिव्हिजन वन व्हॉलीबॉलमध्ये पूर्वी जास्तीत जास्त १२ जणींना स्कॉलरशिप आणि ती पूर्ण, असा हिशोब होता, आता सेटलमेंटमध्ये सामील झालेल्या कॉलेजांना १८ जणींची टीम ठेवता येते आणि पैसे कमीजास्त वाटता येतात. म्हणजे कोणी 'स्कॉलरशिप मिळाली' म्हटलं तर किती, हे विचारल्याशिवाय त्यावर काही ठरवू नका.

आता तुमचे आकडे. वर्षाला ८,००० म्हणजे चार वर्षांत ३२,०००, तेच ५२९ मध्ये दर वर्षअखेरीस टाकले आणि ६ टक्के वाढ धरली (धरली, कोणी लिहून देत नाही) तर ३५,००० च्या आसपास होतात आणि शिक्षणावर वापरले तर वाढीवर फेडरल टॅक्स नाही. वाढ फार नाही, कबूल आहे, चार वर्षांत किती होणार. पण हे पैसे तिच्या गुडघ्यावर किंवा कुठल्या कोचच्या मर्जीवर अवलंबून नाहीत, आणि खरंच पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तर खातं धाकट्याच्या नावावर करता येतं.

मग क्लबचे पैसे कुठून? तुम्हीच लिहिलंय की कार लोन ऑक्टोबरमध्ये संपतंय, महिन्याला ४६० डॉलर सुटतील, म्हणजे वर्षाला ५,५२०. त्याच क्लबची रिजनल टीम ४,५०० मध्ये होतेय. यंदा तीच घ्या. डिव्हिजन वनचे कोच व्हॉलीबॉलमध्ये दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी मुलीशी रिक्रूटिंगचं बोलूच शकत नाहीत, तेव्हा नववीतच विमानाने देशभर फिरायची घाई कशाला? या वर्षात तिचा खेळ किती वाढतो ते बघा, आणि क्लबच्या नाही तर त्रयस्थ कोचला विचारा की ही कुठल्या लेव्हलला खेळेल. उत्तर चांगलं आलं तर अकरावीत नॅशनल टीमचा खर्च करायला माझी हरकत नाही.

अजून एक, याचं मला जास्त वाटतं. शाळेचा सीझन संपला की लगेच क्लब, तो संपला की कॅम्प, असं बारा महिने चालतं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं आहे की वर्षात एकूण किमान तीन महिने मुख्य खेळापासून सुट्टी हवी. उन्हाळ्यातला कॅम्प सोडा, सरळ तेवढे पैसेही वाचतील.

सही करण्याआधी ॲग्रीमेंटमधली रिफंडची अट वाचा, मध्येच दुखापत झाली किंवा तिनेच सोडलं तर पूर्ण फी भरावी लागते का ते बघा, हॉटेल त्यांनी सांगितलेलंच घ्यायला लागतं का तेही लेखी मागा. ते कागद मला पाठवा, मग रिजनलचं बजेट महिन्यावार मांडून देते.