मोठी चाकं बसवलीत? आधी हवा बघा

भाऊ, १५ इंचीऐवजी १६ इंची अलॉय (मिश्रधातूची) चाकं बसवल्यापासून गाडी खड्ड्यात आदळते म्हणता, पण म्हणून लगेच शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) बदलायला धावू नका. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि 'आर' नंतरचा रिमचा व्यास इंचांत. १८५/६५ आर १५ टायरची बाजूची भिंत साधारण १२० मिलिमीटर, तुमच्या १९५/५५ आर १६ ची १०७. खड्डा झेलणारं रबरच कमी झालंय, त्यात अलॉय जड असेल तर दणका आणखी जाणवतो.

पहिलं काम हवा. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. सोलापूरच्या उन्हात विजापूर रोडला फेरी मारून आल्यावर मोजाल तर आकडा चढलेलाच दिसणार. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो, तिथून सुरुवात करा. पंपावर सरसकट ३५-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरू देऊ नका.

पण मऊ व्हावी म्हणून २५ च्या खालीही जाऊ नका! मी गेलो होतो. एकाच खड्ड्यात रिम वाकली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला.

मग:
- ताशी ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं).
- पुढच्या वेळी टायर घेताना १९५/६० आर १६ बसतो का विचारा, त्याची भिंत जास्त उंच असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडीत माणसं बसवून घासत नाही ना ते बघा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी भाग), स्प्रिंग आत्ता राहू द्या. आठवडाभर चालवा आणि कसं वाटतं ते नक्की कळवा.