तालुक्याच्या गावात वाइन मागवताना

वाइनचं कार्ड किती पानी आहे ते सोड, बाटल्या कुठे ठेवल्यात ते आधी बघ. दिंडोरी, सिन्नरसारख्या गावात चार-पाचच नावं असली तरी पुरे; द्राक्षं तिकडचीच. मी एकदा काउंटरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली दोन उन्हाळे काढलेली शनँ ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, घेतली होती. रंग कोऱ्या चहाचा, वास कुजक्या सफरचंदाचा. बिल मात्र पूर्ण!

म्हणून लेबलवरचं वर्ष, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, वाच. नाशिककडे द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्च. साधी पांढरी वाइन दोनेक वर्षांच्या आतली असेल तरच घे. शिराझ, कॅबर्ने या लाल वाइन जरा जास्त तग धरतात, पण मे महिन्यात 40 अंशांत उभी ठेवली तर तीही शिजते. ‘ग्लासवर मिळेल’ लिहिलंय? बाटली कधी उघडली ते विचार. परवाची म्हणाला तर सरळ बिअर माग, लाजायचं काय त्यात.

भाव दुकानापेक्षा दुप्पट असेल तर चालतंय. तिप्पट लावला असेल तर निदान ग्लास तरी स्वच्छ मिळायला हवा. लाल वाइनसुद्धा दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांग. वेटर हसेल, हसू दे. आणि काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर किंचित गोडसर, गार शनँच घे.