इशारा दिला म्हणजे रुग्णालयावर हल्ला करता येतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

युद्धाच्या बातम्या आल्या की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच समजूत निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसते: रुग्णालयात शत्रूचा माणूस सापडला की त्या रुग्णालयाचे कायदेशीर संरक्षण संपते. ही समजूत चुकीची आहे. तिच्याशी संबंधित काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : जखमी बंडखोरांवर किंवा सैनिकांवर उपचार केल्यास रुग्णालयाचे संरक्षण जाते का?

जात नाही. जखमी होऊन लढाईबाहेर पडलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने रुग्ण असतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप गटावर एका रुग्णालयात सापडलेल्या बंदुकांचे छायाचित्र फिरत आहे. त्यावरून ते लष्करी ठाणे ठरते ना?

केवळ छायाचित्रावरून काहीच ठरत नाही. युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम 19 सांगते की, जखमींकडून काढून घेतलेली आणि अद्याप योग्य ठिकाणी जमा न केलेली लहान शस्त्रे व दारूगोळा रुग्णालयात असणे हे शत्रूला हानी पोहोचवणारे कृत्य मानले जाणार नाही. छतावरून गोळीबार होत असेल किंवा इमारतीतून लष्करी हालचालींचे नियंत्रण चालत असेल, तर प्रश्न वेगळा असतो. या दोन्हींतील फरक ठरवायला पुरावा लागतो, आणि तो पुढे ढकललेल्या संदेशात नसतो. असे संदेश कृपया पुढे पाठवू नका.

प्रश्न : रुग्णालयाचा खरोखरच लष्करी वापर होत असेल आणि समोरच्या सैन्याने आधी इशारा दिला असेल, तर मग हल्ल्यात बेकायदेशीर काय उरते?

पुष्कळ काही उरते, आणि सर्वांत जास्त गोंधळ येथेच होत असल्याने मी सविस्तर लिहीत आहे.

कलम 19 नुसार संरक्षण थांबू शकते, पण त्याआधी इशारा द्यावा लागतो, शक्य त्या सर्व प्रसंगी वाजवी मुदत सांगावी लागते आणि त्यानंतरही तो इशारा दुर्लक्षित राहावा लागतो. लष्करी वापर थांबावा, आणि तो थांबत नसेल तर रुग्णांना सुरक्षितपणे हलवता यावे, यासाठी ही मुदत असते. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला दुसरीकडे न्यायचे म्हणजे काय करावे लागते, ते पाहा. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर लागतो, वाटेत हाताने श्वास देत राहणारा एक माणूस लागतो, सलाइन आणि औषधांचे पंप सांभाळणारा दुसरा लागतो, रुग्णवाहिका लागते, तिच्यासाठी खुला रस्ता लागतो, आणि त्या रस्त्याच्या शेवटी रिकामा व्हेंटिलेटर असलेले दुसरे रुग्णालय लागते. असे रुग्ण आठ-दहा असतील, शिवाय नवजात अर्भके काचपेटीत असतील, तर तास-दोन तासांची मुदत ही कागदोपत्री मुदत असते. जेथे जायला जागाच नाही, तेथे दिलेल्या इशाऱ्याला मी इशारा मानत नाही.

मुदत संपली तरी रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर यांचे स्वतःचे संरक्षण संपत नाही. हल्ल्यातून अपेक्षित असलेल्या ठोस व थेट लष्करी लाभाच्या तुलनेत नागरिकांची हानी अतिरेकी होणार असेल, तर तो हल्ला बेकायदेशीरच असतो. आणि तो करायचाच असेल, तर हानी कमीत कमी राहील अशी साधने व वेळ निवडावी लागते. रुग्णालयाचा आडोसा घेणाऱ्यांनी कायदा मोडलेला असतो, हे निःसंशय. परंतु एकाच्या गुन्ह्यामुळे दुसऱ्याची बंधने सुटत नाहीत.

कुंदुझचे उदाहरण घ्या. 3 ऑक्टोबर 2015 च्या पहाटे अफगाणिस्तानातील या शहरात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकेच्या एसी-130 विमानाने मारा केला. कोणताही इशारा दिला गेला नव्हता. संस्थेने इमारतीचे अक्षांश-रेखांश काही दिवसांपूर्वीच सर्व संबंधितांना कळवलेले होते, आणि मारा सुरू असताना तिचे लोक लष्करी अधिकाऱ्यांना फोन करत होते. 42 माणसे मरण पावली: 24 रुग्ण, 14 कर्मचारी आणि 4 सोबतीचे नातेवाईक. अतिदक्षता विभागातील काही रुग्ण खाटेवरच जळाले. अमेरिकी लष्कराच्या चौकशीने विमानाने भलतीच इमारत लक्ष्य केल्याचे मान्य केले, 16 जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, पण हल्ला हेतुपुरस्सर नव्हता म्हणून तो युद्धगुन्हा नाही, असा निष्कर्ष काढला. संस्थेने स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशी मागितली होती. तिला लागणारी संबंधित देशांची संमती मिळाली नाही. जे लष्कर मारा करते, त्यानेच आपली चौकशी करायची, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे 2016 मध्ये ठराव 2286 एकमताने मंजूर करून अशा हल्ल्यांचा निषेध केला आणि चौकशीचा आग्रह धरला, परंतु रुग्णालये त्यानंतरही पडतच आहेत.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. गाडीवर आणि दवाखान्याच्या पाटीवर रेड क्रॉस लावला तर चालेल का? अडचणीच्या काळात उपयोगी पडेल.

चालणार नाही. भारताच्या 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार हे चिन्ह परवानगीशिवाय वापरणे हा गुन्हा आहे. औषधांची दुकाने, प्रयोगशाळा, खासगी रुग्णवाहिका, प्रथमोपचार पेट्यांचे विक्रेते असे सगळे हे चिन्ह विश्वासार्हतेची जाहिरात म्हणून सर्रास रंगवतात, याची मला चीड आहे, कारण हे चिन्ह जिकडेतिकडे स्वस्त झाले की रणांगणावर त्याकडे पाहणारा सैनिक क्षणभरही विचार करेनासा होतो. युद्धकाळात नागरी रुग्णालयाच्या छतावर ते रंगवण्यासाठीही सरकारची परवानगी लागते. रुग्णालयाला संरक्षण त्याच्या कामामुळे मिळते. चिन्ह फक्त ते काम दुरून ओळखू येण्यासाठी असते. आजच पाटी बदला आणि शंका असल्यास रेड क्रॉस सोसायटीच्या शाखेत विचारा.

प्रश्न : मी सांगलीची परिचारिका आहे. संघर्षग्रस्त देशातील रुग्णालयात भरती करणारा एजंट म्हणतो, ‘जिनिव्हा करार असल्याने तुम्हाला कोणी हात लावणार नाही.’

करार तुमच्या बाजूने आहे, पण तो गोळी अडवत नाही. 2014 मध्ये इराकमधील तिक्रित येथे 46 भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, सशस्त्र गटाच्या ताब्यात सापडल्या होत्या. त्या सुखरूप परतल्या, परंतु त्यासाठी सरकारला मोठी खटपट करावी लागली. करार दाखवून भरती करणारा एजंट तुमच्या सुरक्षिततेचा विचार करत नाही. तो नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा, विमापत्रात युद्धामुळे होणारी हानी वगळलेली आहे का ते वाचा, आणि सही करण्यापूर्वी परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या हितासाठी असलेल्या मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन बोला.

प्रश्न : परदेशातील नातेवाइकाने रुग्णालयावरील हल्ल्याचे चित्रीकरण पाठवले आहे. त्याचे काय करू?

मूळ फाइल जशीच्या तशी जपा. कापू नका, त्यावर मजकूर चढवू नका, आणि ती कोणी, कोठे, केव्हा घेतली हे आजच लिहून ठेवा; सहा महिन्यांनी कोणालाच नीट आठवत नाही. चित्रीकरण करणाऱ्याची ओळख उघड झाल्यास त्याच्या जिवाला धोका असू शकतो, म्हणून समाजमाध्यमांवर टाकण्याआधी मानवाधिकार क्षेत्रातील वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न : अशा हल्ल्यांविरुद्ध मी भारतीय नागरिक म्हणून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला भरू शकतो का?

नाही. त्या न्यायालयातील अभियोक्त्याकडे माहिती कोणीही पाठवू शकतो, परंतु खटला चालवायचा की नाही, हे तुमच्या हातात नसते, आणि भारत त्या न्यायालयाचा सदस्य देश नाही. हातात ठोस पुरावा असेल, तर तो पाठवण्यापूर्वी या विषयातील वकिलाकडून तपासून घ्या.