तोफखान्यातल्या गोऱ्या सैनिकाची मेडल्स बघताना

अरे, आधी मेडल पॉलिश करायचं बंद कर, नावं घासून जातात! पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव आणि बहुधा नुसतंच आर.ए. (रॉयल आर्टिलरी, म्हणजे ब्रिटिश तोफखाना) असं कोरलेलं असतं, आर.एफ.ए. की आर.जी.ए. ते १९१४-१५ च्या स्टार या मेडलच्या मागच्या बाजूला बघ. आर.एफ.ए. (रॉयल फील्ड आर्टिलरी) म्हणजे घोड्यांनी ओढायच्या मैदानी तोफा, आर.जी.ए. (रॉयल गॅरिसन आर्टिलरी) म्हणजे बहुतेक जड तोफा. मग लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमधलं त्याचं मेडल कार्ड (मेडल्सच्या नोंदीचं कार्ड) ऑनलाइन शोध, पण त्यावर बॅटरी, म्हणजे त्याची तोफांची तुकडी, बहुधा नसतेच, तोफखानावाल्यांची हीच कटकट. सर्व्हिस रेकॉर्ड (नोकरीचे कागद) मिळालं तर नशीब, कारण १९४० च्या बॉम्बहल्ल्यात निम्म्याहून जास्त रेकॉर्ड्स जळाली. बॅटरी कळली की तिच्या ब्रिगेडची (अशा काही बॅटऱ्यांच्या गटाची) वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, काढ, खरी मजा तिथेच आहे.