जुन्या रेल्वे स्टेशनात केलेल्या हॉटेलात राहणं कसं असतं? विदर्भात आहे का असं काही?

अमेरिकेतल्या डेन्वरच्या युनियन स्टेशनात २०१४ ला क्रॉफर्ड हॉटेल निघालं ना, तिथं स्टेशनचा मोठा हॉल हीच हॉटेलची लॉबी, गाडीचे प्रवासी अन् हॉटेलचे पाहुणे एकाच ठिकाणी बसतात, म्हणून निवांत झोप पाहिजे असन तर रुळाच्या उलट्या बाजूची रूम मागा.

आपल्याकडं नाही बा असं. दारव्हा, कारंजा ही शकुंतला नावाच्या रेल्वेगाडीच्या नॅरोगेज लाइनवरची स्टेशनं, कापूस न्यायला टाकलेली लाइन, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन चालायचं, तिथं चार रूम काढल्या तर लोक येतील की, फक्त मे महिन्यात कूलर तगडा लागन.

सध्या हौस भागवायची तर नागपूर स्टेशनची रिटायरिंग रूम, इमारत १९२५ ची, बुकिंग आयआरसीटीसीवर, पण तिकिटाचा पीएनआर लागते.