स्कूल बसची टेलगेटिंग बस: ग्राइंडर खाली ठेवा, आधी कागद बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा ठणकायला लागलं. शाळेच्या लिलावातून २००२ ची लांब स्कूल बस उचललीत, चार मित्रांनी मिळून तिची टेलगेटिंगची (म्हणजे मॅचआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये खाण्यापिण्याची मैफल) गाडी करायची, ओहायोतल्या कोलंबसला कॉलेज फुटबॉलच्या मॅचच्या शनिवारी न्यायची. छतावर डेक, आत बार, मागे ग्रिल. आणि विचारताय काय, तर फरशी कुठली टाकू आणि जनरेटर किती वॉटचा घेऊ. आमचं टोळकं ॲन आर्बरवालं, म्हणजे तुमच्या कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनचं, तेव्हा कोलंबसवाल्यांना मदत करणं खरं तर आमच्या धर्मात बसत नाही. पण या बाबतीत शत्रूवरही ती वेळ येऊ नये.

सीट कशा काढायच्या, गंज कसा घासायचा, प्लायवूड कुठलं, हे सगळं यूट्यूबवर पडलेलं आहे. त्यात मी शिरत नाही. फरशी नंतर. तुमची बस कागदावर नेमकी कोण आहे, ते आधी ठरवा.

शाळेनं विकलेल्या गाडीच्या टायटलवर (मालकीच्या सरकारी कागदावर) 'बस' असं छापलेलं असतं. घरगुती गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या हा शब्द ऐकला की बहुतेक वेळा तिथेच विषय संपवतात. व्यावसायिक बसचा विमा मिळतो, पण त्याचा हप्ता ऐकून चौघांपैकी दोघं लगेच भागीदारीतून बाहेर पडतील. म्हणून जो तो सांगतो, मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) म्हणून टायटल बदलून घ्या. बरोबर आहे. पण बऱ्याच राज्यांत मोटरहोम ठरायला झोपायची जागा, शेगडी, टाकी आणि सिंक, फ्रिज, संडास, हीटर यांपैकी ठरावीक सोयी गाडीत कायमच्या बसवलेल्या लागतात. टेलगेटिंगच्या बसमध्ये असतं काय? स्पीकर, टीव्ही, बर्फाचे कूलर आणि बार. ती शाळेची राहिलेली नसते आणि घर झालेली नसते.

आमचं तिथंच अडलं. कुठल्या राज्यातली गाडी नोंदणीची कचेरी आणि कुठली विमा कंपनी, ते मुद्दाम लिहीत नाही. कचेरीची खिडकी म्हणाली, विम्याचा कागद आणा, मग टायटल बदलू. विमा कंपनी म्हणाली, मोटरहोमचं टायटल आणा, मग विमा देऊ. दोघांना एकमेकांचं पत्र दाखवलं, तर दोघांनीही ते नीट वाचलं आणि अगदी सभ्यपणे परत केलं. पुढच्या खेपेला खिडकीवर दुसऱ्या बाई होत्या. त्यांना काट्यावरची वजनाची पावती हवी होती. ती नेली तेव्हा तिसरे गृहस्थ होते. त्यांना पावती नको होती, आतले फोटो हवे होते. लेखी यादी द्या म्हटलं, तर "वेबसाइटवर आहे". वेबसाइटवर मोटरहोम कारखान्यातूनच बनून येतं असं गृहीत धरलेलं. शेवटी तपासनीस आला. त्यानं सिंकचा नळ सोडायला लावला, धार किती वेळ टिकते ते बघत उभा राहिला आणि मग टिक केली. बेड म्हणून दाखवलेल्या बाकड्यावर हात दाबून बघितला. बाकी बस त्यानं पाहिलीसुद्धा नाही.

पण खरा खड्डा याच्या पुढे होता. एका एजंटनं फोनवर "काही हरकत नाही" म्हणत पहिला हप्ता घेतला, कार्डही पाठवलं. आम्ही खूश. मग कंपनीच्या मुख्य कचेरीनं फोटो मागितले. आम्ही हौसेनं धाडले, डेकवर खुर्च्या मांडून. उत्तरादाखल आलं ते थेट पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र, कारण एका ओळीत: छतावर माणसं उभी राहण्याची सोय. पॉलिसी दिल्यानंतरही सुरुवातीचे काही आठवडे कंपनीला अशी तपासणी करून अंग काढून घेता येतं, हे एजंटनं सांगायला हवं होतं की नाही? तो म्हणे, "तुम्ही डेकचं बोलला नव्हता." बोललो होतो. फोनवर बोललो होतो, एवढंच. सीझन तोंडावर. बस भाड्याच्या यार्डात, स्टेडियमजवळच्या मोठ्या गाड्यांच्या जागेचे पास विकत घेतलेले आणि त्यांचे पैसे परत नाहीत. अख्खा फॉल सीझन आम्ही मिनीव्हॅनच्या डिकीवर साजरा केला.

तेव्हा माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: डेक करू नका. लोखंडावरचा खर्च सोडा, बहुतेक विमा कंपन्यांना डेक आणि लाकडाची शेगडी या दोन गोष्टी चालत नाहीत. शिवाय दहा-साडेदहा फूट उंचीवर बिअर प्यायलेली माणसं आणि नोव्हेंबरात बर्फानं निसरडा झालेला पत्रा. नकोच. बाजूला लांब ऑनिंग (कापडी छप्पर) लावा, सगळी गंमत खालीच होते. आम्हाला पुढे एका स्वतंत्र एजंटनं, जो अनेक कंपन्यांचं काम करतो, बदल चालू असतानाच विमा मिळवून दिला. अट एकच, डेक उतरवा. उतरवला. तुम्ही असाच माणूस शोधा, त्याला काय काय करणार ते ईमेलनं लिहा आणि होकारही ईमेलनंच घ्या.

मी वकील नाही, विम्यातलाही नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, ओहायोचा तुम्ही स्वतः तपासा.

सीटबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, कारण तुमच्या पोस्टमध्ये "दोन्ही भिंतींना सोफे" असं आहे. स्कूल बसच्या बाकांना बहुतेक पट्टे नसतात, तरी मुलं सुरक्षित राहतात. का? १९७७ पासूनच्या केंद्रीय नियमाप्रमाणे बाक जवळजवळ, उंच पाठीचे, गादीवाले असतात. गाडी आदळली तर मूल पुढच्या बाकाच्या मऊ पाठीवर थोपवलं जातं. पुढचा बाक काढलात की मागच्याचं संरक्षण गेलं. भिंतीकडे पाठ करून बसलेल्याला तर काहीच नाही. म्हणून प्रवासात बसणाऱ्यांसाठी पुढे तोंड असलेल्या, पट्टे लावलेल्या, चॅसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) नीट पकडलेल्या जागा ठेवा. सोफे फक्त पार्किंगमध्ये. चालक धरून बसायच्या जागा १५ पर्यंतच ठेवा. १६ झाल्या किंवा गाडीच्या पाटीवरचं कमाल वजन २६,००० पौंडांच्या वर असलं की कमर्शियल लायसन्सचा प्रश्न येतो. खासगी मोटरहोमला पुष्कळ राज्यांत सूट असते, पण टायटल अजून 'बस' असेल तर पोलिसाशी हुज्जत तुम्हीच घालायची.

दारूचंही तसंच. मोटरहोमच्या मागच्या राहत्या भागात उघडी बाटली काही राज्यांत चालते, काहींत नाही. आमचा नियम साधा: चाक फिरतंय तोवर झाकण उघडायचं नाही. यावरून एक मित्र अजून रुसलेला आहे.

रंग काढायचाच. तो पिवळा १९३९ साली कोलंबिया विद्यापीठातल्या परिषदेत ठरला आणि तो शाळेच्या मुलांचा आहे. 'स्कूल बस' ही अक्षरं, स्टॉपचा हात आणि वरचे लाल-पिवळे लुकलुकणारे दिवे पहिल्याच आठवड्यात काढा, तपासणीला त्यावरून अडवतात. आणि आम्हाला बघवणार नाही हे माहीत असूनही सांगतो, तुमचा तो लाल रंग बसवर छान दिसेल.

गॅसचं सिलिंडर आत नको. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळलं तर दाराच्या पायरीच्या खोलगटात साचतं. जनरेटर चालू असताना खिडक्या उघड्या ठेवून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आतमध्ये लावाच. वडे तळायचे असतील तर सारण घरून न्या, कढई बाहेर, वाऱ्याला आडोसा करून. कडाक्याच्या थंडीत अर्धं सिलिंडर जेमतेम जळतं आणि तेल तापत नाही, म्हणून भरलेलं जादा ठेवा. मिसळीला ही भानगड नाही: मोठ्या स्लो कुकरमध्ये उसळ, थर्मासमध्ये कट. शेजारच्या ट्रकवाल्यांची रांग लागते.

आणखी एक, म्हणजे टो ट्रक बोलवायची वेळ येणार नाही. मागच्या दाराला आतून कडी असेल आणि ती लागलेली राहिली तर बऱ्याच बसेसचं इंजिन सुरूच होत नाही. बॅटरी, स्टार्टर बघण्याआधी मागे जाऊन कडी बघा. ते दार कधीही फर्निचरनं अडवू नका.

इंजिन कुठलं आहे ते लिहिलं नाहीत. इंटरनॅशनल कंपनीचं डीटी ४६६ हे डिझेल इंजिन असेल तर नशीबवान आहात, ते बसमधून न उतरवताही आतून नवं करता येतं. गिअरबॉक्सच्या पाटीचा फोटो टाका. ॲलिसन एटी ५४५ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निघाला तर त्याचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, चढावर तेल तापतं. मग कूलरचं वेगळं बोलू.