स्मार्ट कापड बनवायला कॅड किती यायला हवं? पुण्यात सुरुवात कुठून करू?

कॅडचं, म्हणजे संगणकावर आराखडा काढण्याचं, आधी विचारलंत म्हणून लिहायला बसले. आधी शिलाई मशीन शिका.

मी ई अँड टीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगची. शेवटच्या वर्षी ढोल-ताशा पथकाच्या जॅकेटवर एलईडीची वेलबुट्टी करायचा प्रोजेक्ट मांडला. गाइड सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे शिवणकाम आहे, इंजिनीअरिंग नव्हे." मग मीही हट्टाला पेटले. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नक्षी काढली, त्याच्याच इंक-स्टिच या जोडणीनं मशीनसाठी टाक्यांची फाइल केली. दोन्ही फुकट मिळतात. पडद्यावर प्लस-मायनसच्या रेघा 2 मिमी अंतरावर, अगदी देखण्या. आईच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर चढवली, तर स्टीलचा वाहक (वीज वाहून नेणारा) दोरा सुईपाशी सारखा तुटायचा. जिथे टिकला तिथे कापडाला चुण्या पडून रेघा एकमेकींना टेकल्या. शॉर्ट.

आई ब्लाउज शिवते, ओहमचा नियम तिच्या गावीही नाही. बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा दोरा बॉबिनमध्ये भर, वर साधा पॉलिस्टर ठेव. मागं बकरम लाव. आणि रेघा लांब लांब घे, कापड म्हणजे काय पत्रा आहे?"

अंतर 8 मिमी केलं. तरी टोकाचे दिवे मिणमिणायचे, कारण या दोऱ्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तांब्याच्या तारेपेक्षा कितीतरी जास्त. मग तीच रेघ तीनदा भरली. तीन दोरे समांतर, रोध साधारण तिसरा हिस्सा. हे गणित सरांपुढे ठेवलं, तर म्हणे, "सरळ सर्किट बोर्ड का नाही लावला?" बोर्ड लावून, कमरेला ढोल बांधून एकदा वाकून दाखवा, सर! 2007 साली बाजारात आलेला लिलीपॅड आर्डुइनो हा दिवे वगैरे चालवणारा छोटा बोर्ड लेआ ब्यूकली यांनी घडवला तोच मुळी कापडावर शिवता यावा म्हणून. कडेला भोकं उगाच नाहीत.

पुण्याचं म्हणाल तर एलईडी, बटण सेल तपकीर गल्लीत मिळतात. वाहक दोरा मी ऑनलाइन मागवला. लेझर कटर बघायचा तर पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनची कार्यशाळा, आहे.

बाकी, एकच नमुना करायचा असेल तर कॅड नकोच, हातानं टाके घाला. दहा जॅकेटं सारखी हवी असतील तेव्हा फाइल कामाला येते. गाठींवर नेलपॉलिश लावा, नाहीतर सुटलेली टोकं शेजारच्या रेघेला लागतात. बॅटरीचा कप्पा टिचबटणांनी जोडा, म्हणजे धुताना निघतो. आणि घाम वीज वाहून नेतो, हे मला मिरवणुकीच्या दिवशी कळलं. आतून अस्तर लावायचंय, हे आई आधीच म्हणाली होती.